अनुभव धागा: ऑनलाइन व्हाइटबोर्डवर टीम चालवताना

फोंडेकर:
आमची टीम मिरो या ऑनलाइन व्हाइटबोर्डवर आहे, मी फोंड्यात, काही जण पुण्यात, बाकी बेंगळुरूला. कॉलवर बोलणारी तोंडं ठरलेली, बाकी सगळे म्यूट. रेट्रोला (झालेल्या कामात काय जमलं, काय नाही ते बोलायची मीटिंग) प्रायव्हेट मोड लावायला लागलो तेव्हा जरा फरक पडला, स्टिकीवर, म्हणजे बोर्डावरच्या चिठ्ठीवर, कोण काय लिहितंय ते दुसऱ्याला दिसत नाही, वेळ संपली की सगळं एकदम उघडायचं. टीममधल्या सगळ्यात नवीन मुलीने लिहिलेलं, "टेस्टिंगला वेळ मागितला की सगळे गप्प का होतात?" कॉलवर ती हे जन्मात बोलली नसती. तुमचंही लिहा, वैताग असेल तर तोही.

सासष्टीची:
वैतागच लिहिते मग. मिरोच्या फुकटच्या प्लॅनमध्ये एडिट करता येणारे बोर्ड 3च, त्यामुळे आमच्याकडे सगळी प्रोजेक्टं एकाच बोर्डात कोंबलेली, क्लायंट झूम आउट करून कुठच्या कुठे जातो आणि मग "मला पांढरं दिसतंय". आणि मागचं चित्र लॉक केलं नाही की कोणीतरी स्टिकी ओढायला जातो नि अख्खा नकाशाच सरकतो. लॉक करा रे बाबांनो!

पेडण्याचा मास्तर:
आमचा जॅमबोर्ड, गूगलचा व्हाइटबोर्ड, गेला त्याचं दुःख अजून आहे. ऑक्टोबर 2024 पासून नुसतं बघता यायचं, 31 डिसेंबरला बंदच. 20 फ्रेमची, म्हणजे पानांची, मर्यादा होती पण पोरांना शिकवावं लागत नव्हतं. आता फिगजॅम वापरतो, चांगलं आहे, पण अर्धा तास स्टिकर चिकटवण्यातच जातो.

सत्तरीकर:
आमचं ऑफिसचं नाही, जत्रेतल्या नाटकाचं आहे, चालेल ना? राजा मस्कतला नोकरीला, सेनापती मुंबईत, सगळे गावात जमतात ते अगदी शेवटी. दिग्दर्शकाने एक्सकॅलिड्रॉ नावाच्या व्हाइटबोर्डवर मंच काढला, विंगा, सिंहासन, प्रत्येक पात्राला रंगीत गोल, व्हिडिओ कॉलवर संवाद म्हणत ज्याने त्याने आपला गोल सरकवायचा. लॉगिन लागत नाही, लिंक उघडली की झालं, म्हणून जुन्या नटांनाही जमलं. दुसऱ्या अंकात राजा आणि सेनापतीचे गोल एकाच विंगेत एकमेकांवर चढले तेव्हाच कळलं, इथून दोघं एकदम येऊच शकत नाहीत, मग सेनापतीची एन्ट्री डावीकडून केली. फक्त लिंक गावच्या ग्रुपवर फिरली आणि कुणाच्या तरी पोराने राजाच्या गोलाला मिशा काढल्या.

फोंडेकर:
चालेल काय, पळेल! 😄

साखळीवाला:
पावसाचं कोणीच बोललं नाही. जूनमध्ये लाईट गेली की मोबाईल डेटावर फोटोंनी भरलेला बोर्ड उघडता उघडत नाही. म्हणून आमच्यात मोठे फोटो बंद, आणि मीटिंग संपली की ठरलेल्या गोष्टींची तेवढी फ्रेम इमेज करून व्हॉट्सॲपवर.
सत्तरीकर, मिशांवर काय उपाय केला?

सत्तरीकर:
दर तालमीला नवीन लिंक, ती फक्त नटांना, फाईल दिग्दर्शकाच्या लॅपटॉपवर. मिशा मात्र राजाने ठेवायला लावल्या.