व्हायवाची तारीख मिळाली म्हणजे प्रबंध परीक्षकांना पटलाय

‘परीक्षक ठरवून कोंडीत पकडतात, एक उत्तर चुकलं की चार वर्षं पाण्यात’ ही पीएचडीच्या व्हायवाची, म्हणजे शेवटच्या तोंडी परीक्षेची, भीती अनेकांना असते; मलाही होती. पण यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांनुसार दोन बाह्य परीक्षकांनी प्रबंध स्वीकारण्याची शिफारस केली तरच व्हायवा होते. तारीख हातात आली म्हणजे त्यांनी तो वाचून पसंत केलाय, हे आधी मनावर घ्या.

आणखी एक, व्हायवा खुली असते. इतर संशोधक, विद्यार्थी बसू शकतात. माझ्या व्हायवाआधी मी मुंबई विद्यापीठात, कालिन्याला, दोघांच्या व्हायवाला मागच्या बाकावर जाऊन बसले. दुसऱ्या वेळी परीक्षकांच्या प्रतीतून पिवळ्या चिठ्ठ्या नुसत्या डोकावत होत्या, माझ्याच पोटात गोळा आला. निम्म्या निघाल्या शुद्धलेखनाच्या नि तक्त्यांच्या क्रमांकांच्या! बाकी प्रश्न खऱ्या कुतूहलाचे: नमुना एवढाच का, हा तालुका का वगळला? एका प्रश्नाला ती विद्यार्थिनी शांतपणे म्हणाली, ‘सर, हे मी तपासलेलं नाही.’ त्यांनी मान डोलावली, चिठ्ठी काढली आणि पान उलटलं. माझ्या दिवशी घसा कोरडा पडला तेव्हा मला तेच आठवलं. जमलं तर एकदा तरी जाऊन बसाच.