बक्षीस गायीला की मुलाला?

काहींचं म्हणणं असतं की मुलांच्या गायींच्या स्पर्धांत ज्याच्या घरी देखणी गाय, त्यालाच ढाल. गुरांच्या प्रदर्शनापुरतं पटतं. पण अमेरिकेत ४-एच आणि एफएफए या शेतीशी जोडलेल्या युवा संघटनांच्या मुलांसाठी गायी पारखण्याच्या ज्या परीक्षणस्पर्धा होतात, तिथे स्वतःची गाय लागतच नाही.

एका गटात एकाच जातीच्या चार गायी किंवा कालवडी उभ्या करतात. मुलांनी त्यांचा क्रम लावायचा. पंचांच्या क्रमाशी तंतोतंत जुळला तर ५० गुण. गंमत चुकीच्या हिशोबात आहे. जवळजवळ सारख्या दोन गायी उलटसुलट झाल्या तर एखाद-दोन गुण जातात, पण फरक ढळढळीत असूनही चुकलात तर चांगलीच कात्री लागते.

खरी कसोटी त्यानंतर. पंचांसमोर उभं राहून, हातात कागद न घेता, साधारण दोन मिनिटांत कारणं सांगायची: "तीन नंबरला दोनच्या वर ठेवलं, कारण तिची कास मागून जास्त उंच आणि रुंद जोडलेली आहे." नुसतं "छान दिसते" म्हटलं की गुण गेले! दुभत्या गायींच्या तिथल्या गुणपत्रिकेत १०० पैकी ४० गुण एकट्या कासेला, म्हणून पोरं आधी मागे जाऊन वाकून बघतात. रंगरूपावर भाळणारा तिथेच फसतो.

माझं मत विचाराल तर अशा स्पर्धेवरून कुणाला शिष्यवृत्ती द्यायची असेल, तर क्रमापेक्षा या कारणांचे गुण धरावेत. क्रम नशिबानेही जुळतो.