सोसायटीच्या गणपतीत उघड्यावर लेझीम: बाहेर काय काय बिघडतं?

इंदिरानगरकरीण
नमस्कार मंडळी. आम्हा बारा जणींची लेझीम आणि तिला जोडून कोळीनृत्य, मिळून साडेसहा मिनिटं. सगळ्या हौशी. स्टेज २० बाय १६ फूट, वर नुसती ताडपत्री, समोर पार्किंगचे पेव्हर ब्लॉक. नऊवारी, पाय अनवाणी. सराव क्लब हाऊसच्या फरशीवर चाललाय, तिथे नीट बसतंय. बाहेर काय सांभाळावं? ट्रॅक लावावा की हलगीवाला बोलवावा?

मैदानी_गडी
ताई, आधी मोजपट्टी घ्या. लेझीम उघडली की एकीला आडवी पाच फूट जागा लागते. २० फुटांतून कडेचे दीड-दीड सोडले की उरले १७. चौघींची ओळ केलीत तर 'दो रुख'ला (दोन्ही बाजूंना तोंड फिरवायच्या प्रकाराला) वळताना साखळ्या एकमेकींत अडकणार. तिघी-तिघींच्या तीन ओळी, मधली अर्ध्या जागेने सरकवलेली, म्हणजे नऊच जणी.

माझं ऐकाल तर लेझीम स्टेजवर नकोच. पोकळ प्लायवर सगळ्यांनी एकदम पाय टाकला की फळ्या दणाणतात आणि लेझमीची छनछन त्यात बुडते. लेझीम खाली पेव्हरवर, कोळीनृत्य वर. खाली चुन्याने ३० बाय २० चा चौकोन आखा. पुढच्या दोन रांगांना खुर्च्या न देता सतरंजी घाला, नाहीतर मागच्यांना नुसती डोकी दिसतील. पेव्हरवर शेवाळ असतं, ते आदल्या दिवशी तारेच्या ब्रशने काढा. साबण नको, फटींत राहतो आणि सर आली की फेसासकट वर येतो.

साखळी दांड्याला जिथे अडकते तो आकडा प्रत्येक लेझमीचा ओढून बघा, तुटते ती तिथेच. दोन जादा ठेवा.

कर्णाकर्कश
साउंडचं. ट्रॅक फोनवरून ब्लूटूथने लावू नका; मध्येच दुसऱ्याचा फोन जोडला जातो. पेनड्राइव्हवर द्या, फोन फक्त जोडीला, तोही एअरप्लेन मोडवर. ट्रॅक मोनो करून घ्या, म्हणजे दोन्ही बाजूंना सगळाच आवाज. मांडवात बऱ्याचदा एकाच बाजूची वायर लावलेली असते, मग दुसऱ्या बाजूची ढोलकी गायब. सुरुवातीला आठ मात्रांचा नुसता ठेका जोडा, बाहेर पहिली सम कुणालाच ऐकू येत नाही.

खरी गडबड समोरच्या बिल्डिंगची. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. भिंत ३४ मीटरवर असेल तर तिथे आपटून परत यायला ०.२ सेकंद. मिनिटाला १२० ठोक्यांच्या गाण्यात एक ठोका अर्ध्या सेकंदाचा, म्हणजे जवळजवळ अर्धी मात्रा उशिरा. मोठे स्पीकर प्रेक्षकांकडे तोंड करून असतात, त्यामुळे नाचणारीच्या कानावर हा परतलेला आवाजच जास्त येतो आणि मागची ओळ ढिली पडते. एक छोटा स्पीकर तुमच्याकडे तोंड करून मागून घ्या. नसेल तर मागच्या ओळीने कान बंद करून पुढचीचे खांदे बघावेत.

आणि साडेतीन मिनिटांची छोटी आवृत्तीही बसवून ठेवा. रात्री दहाला स्पीकर बंद. भाषणं लांबली की कात्री तुमच्याच नाचाला लागते.

पदर_खोचून
शिवलेली नऊवारी असेल तर आसन, म्हणजे दोन पायांमधला जोड, तपासा. शिवण गुडघ्याकडे खाली उतरलेली असेल तर बैठकीत पाय फाकत नाहीत, आणि जोर लावला की तिथेच उसवते. घालून पंधरा बैठका मारा, मगच पास. नेसायची असेल तर कमरेला आधी नाडा घट्ट बांधून काष्टा त्यात खोचा. पिना कमरेला आणि खांद्यावर, मांडीवर एकही नको. बांगड्या काचेच्या नकोत, फुटली तर पाय अनवाणी आहेत.

इंदिरानगरकरीण
बापरे, भिंतीचं लक्षातच आलं नव्हतं! समोर बी विंग आहेच. मग हलगीच बरी का? आणि पाऊस आला तर?

मैदानी_गडी
लेझमीला हलगीच. ताल चुकला तर वाजवणारा सांभाळून घेतो, पेनड्राइव्ह नाही घेत. मात्र कातडं दमट हवेत उतरतं आणि हलगी भदभद वाजते. शेकायला कागद पेटवावे लागतात, ते मांडवाच्या पडद्यापासून लांब. कातड्याऐवजी फायबरचं पान असेल तर हा त्रास नाही, पण तो कडकडाटही नाही.

पावसात प्लायवरचं कार्पेट काढा.

कर्णाकर्कश
काढू नका! ओला उघडा प्लाय म्हणजे घसरगुंडी. कार्पेट ताणून चारही कडांना पक्कं करा, सांध्यांवर रुंद टेप. सैल कार्पेटच घसरतं.

मैदानी_गडी
ताणलेलं असेल तर मान्य. पण मंडप बांधणारा ते चुका (बारीक खिळे) ठोकून बसवतो. नाचायच्या आधी एकीने अख्ख्या स्टेजवर तळहात फिरवावा, वर आलेलं एखादं डोकं हमखास सापडतं.

पदर_खोचून
शिवाय दोन सराव पार्किंगमध्येच करा, नऊवारी नेसून. फरशीवर पाय सरकवून घेतलेली गिरकी पेव्हरवर अडते. तिथे टाच उचलूनच वळावं लागतं, आणि त्याला अर्धी मात्रा जास्त लागते.