प्रवासातली पॉवर बँक: खानदेशकरांनो, तुमचा अनुभव सांगा

चैत्रात आमची आई वणीच्या गडाला पायी निघते. सप्तशृंगीचं माहेर खानदेश, म्हणून माहेरची माणसं उन्हातान्हात चालत जातात, तसं आमच्या धुळ्याहून त्यांचं तीसेक जणांचं मंडळ जातं. गेल्या वर्षी तिसऱ्या मुक्कामाला तिचा फोन बंद पडला. ढाब्यावर एकच प्लग आणि त्यासमोर मोबाइलची रांग. मी दिलेली साडेचारशे रुपयांची पॉवर बँक दुसऱ्याच दिवशी थंड पडली होती. तिच्यावर २०००० एमएएच (आत किती वीज मावते त्याचा आकडा) लिहिलं होतं, फोन मात्र एकदाही पूर्ण भरला नव्हता. रात्रभर आम्ही घरात जागे. सकाळी तिने दुसऱ्या कुणाच्या फोनवरून आवाज दिला, तेव्हा जीवमा जीव उना.

यंदा तशी चूक करायची नाही. दीड हजाराच्या आत, चार-पाच दिवस भरवशाने चालेल अशी बँक कशी ओळखायची? ज्यांनी वापरली, ज्यांची फसगत झाली, त्यांनी लिहा. जाहिरातीत काय म्हटलंय ते नको, तुमचं स्वतःचं सांगा.

जळगाव, मोबाइल दुरुस्तीचं दुकान

ताई, तुमच्यासारखी माणसं आठवड्यातून दोन-तीन तरी येतात. अशी एक बँक मी मालकासमोर उघडली होती. वर २०००० छापलेलं, आत दोन सेल आणि वजन भरायला मातीची पुडी. त्या माणसाचा चेहरा मी विसरलो नाही, पोराला पुण्याला पाठवताना घेतली होती त्याने.

म्हणून पहिली गोष्ट, वजन. आतला गोल सेल ४५ ते ४८ ग्रॅमचा असतो आणि साधारण २५०० एमएएच देतो. मग २०००० साठी आठ सेल लागणार, म्हणजे नुसते सेलच साडेतीनशे ग्रॅमच्या पुढे. चपटे पॉलिमर सेल थोडे हलके असतात, तरी २०० ग्रॅमची वीस हजारी बँक खरी असू शकत नाही. १०००० वाली साधारण २०० ते २५० ग्रॅम भरते. अर्थात वजन बरोबर आलं म्हणून माल खरा, असंही नाही. ती मातीची पुडी त्यासाठीच होती.

म्हणून दुसरी गोष्ट, बारीक अक्षरं. १०००० हा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा. फोनला वीज जाते ५ व्होल्टने आणि मधलं सर्किट थोडी खातं. हातात येतात ६००० ते ६५००. चांगल्या कंपन्या हा खरा आकडा ‘रेटेड कपॅसिटी’ म्हणून मागच्या बाजूला छापतात. ५००० च्या फोनला त्यातून सव्वा ते दीड वेळा चार्जिंग धरा. कुणी तीन वेळा म्हणालं तर दुकानातून उठा.

तिसरं, बीआयएसचं, म्हणजे सरकारच्या भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह आणि त्याखालचा आर-ने सुरू होणारा आठ आकडी क्रमांक. तो ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकला की कोणत्या कारखान्याची कोणती वस्तू ते दिसतं. नकली मालावर बहुतेकदा हा क्रमांक नसतो, किंवा असतो तो भलत्याच वस्तूचा. दुकानात उभं राहूनच तपासा, खरा दुकानदार रागावत नाही.

भुसावळ

सुरत पॅसेंजरने बरंच फिरणं होतं. जनरल डब्यात प्लग मिळाला तर नशीब, आणि लांबच्या बऱ्याच गाड्यांत रात्री अकरानंतर सॉकेटची वीज बंद होते. चार वर्षं एमआयची १०००० वाली वापरतोय, अजून चालते. एवढंच सांगतो.

मुक्ताईनगर, पालखीचा वारकरी

माउली, आमची मुक्ताबाईंची पालखी महिनाभराहून जास्त चालते. बुलढाणा, जालना, बीड करत पंढरपूर. एवढ्या वाटेत बँक किती मोठी आहे याला फार अर्थ नाही, ती परत भरते किती वेळात हे महत्त्वाचं. हे कुणी बोलत नाही म्हणून मुद्दाम लिहितोय.

पहिल्या वारीला मी २०००० वाली नेली. मुक्कामाच्या गावात शाळेत नाहीतर देवळात प्लग मिळायचा, पण तासा-दोन तासांत लाइट जायची. जुन्या बारक्या चार्जरवर ती बँक सकाळपर्यंत पाव भरायची. दहा दिवसांनी मी अर्धा किलोचा दगड उगाच खांद्यावर वाहत होतो. पुढच्या वर्षी १०००० वाली घेतली, टाइप-सी मधून १८ वॉटने भरणारी, सोबत त्याच ताकदीचा चार्जर. चार तासांच्या आत भरते. ५ वॉटच्या चार्जरवर हीच बँक नऊ-दहा तास घेते.

आणि वायर दोन न्या. पावसात, चिखलात आधी वायर जाते. आम्ही बँक प्लास्टिकच्या पिशवीत बांधून धोतराच्या गाठोड्यात ठेवतो. पण चार्ज होत असताना गाठोड्यात कधीच नाही, तापते.

धडगाव, शिक्षक

सातपुड्यात वेगळा प्रश्न आहे. आमच्याकडच्या पाड्यांवर नेटवर्क येतं-जातं, आणि फोन ते शोधत राहतो. त्या शोधण्यातच बॅटरी उतरते. मी सकाळी शंभर टक्क्यांनी निघायचो, दुपारी वीसवर. आता घाट चढला की फोन विमान मोडवर टाकतो, टेकडीवर रेंज मिळते तिथे चालू करतो. बँकेचा खर्च निम्मा झाला.

सोलर पॉवर बँक घेऊ नका, एवढं कळकळीने सांगतो. मी घेतली होती. झाकणाएवढी पट्टी ती, कडक उन्हात एक-दीड वॉट देणार. १०००० ची बँक म्हणजे ३७ वॉट-तास (१० अँपिअर-तास गुणिले ३.७ व्होल्ट). गणित मांडलं तर पूर्ण भरायला चार-पाच दिवस, आणि तेवढा वेळ ती आमच्या मे महिन्याच्या उन्हात ठेवायची. सेल आठवड्यात फुगले. मुलांना हेच गणित मी फळ्यावर करून दाखवलं.

नंदुरबार

गाडीच्या डॅशबोर्डवर राहिली, दुपारी बाराला. परत आलो तर पोट फुगलेलं. अशी बँक टोचू नका, दाबू नका, परत चार्जिंगलाही लावू नका. कचऱ्याच्या गाडीत तर नकोच, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. आता उन्हाळ्यात मी बँक पाण्याच्या बाटलीशेजारी, पिशवीच्या तळाशी ठेवतो.

रावेर, केळीचा व्यापार

दिल्लीला मालाच्या कामासाठी विमानाने जावं लागतं. मुंबईला माझी मोठी बॅग परत बोलावली, आत पॉवर बँक होती. ती हातातल्या बॅगेतच लागते, सामानात चालत नाही. दुसऱ्या खेपेला हातात होती, पण ३०००० ची. १०० वॉट-तासांपर्यंत मुभा, ही १११ भरते. १०० ते १६० च्या मधल्याला कंपनीची परवानगी लागते, ती मी घेतली नव्हती. बाराशेची वस्तू तिथेच सोडली. विमानाने जाणाऱ्याने २०००० च्या वर जाऊच नये, ती ७४ भरते. आणि आकडा पुसलेली बँकही अडवतात.

अमळनेर

आबांच्या उपचारासाठी आम्ही दोन वर्षं मुंबईला जायचो. मी आणि आबा, दोघंच. तिकीट फोनमध्ये, रिपोर्ट फोनमध्ये, पैसे फोनमधून. बाहेरच्या बाकांवर रात्र काढायची तर प्लग कुठून येणार? एकदा औषधाच्या खिडकीवर स्क्रीन काळी झाली. मागे रांग, समोर बिल आणि पिशवीत ऐंशी रुपये. मागच्या ताईंनी स्वतःची बँक काढून माझ्या हातात दिली, नावही विचारलं नाही.

त्यानंतर मी तेराशेची घेतली, पेटीवरचा क्रमांक तपासून. तिचा एक गुण सांगते. बटण दोनदा दाबलं की ती कमी करंटवर चालते, त्यामुळे आबांच्या कानातलं ऐकण्याचं चार्जिंगवालं यंत्रही त्यावर भरायचं. साध्या बँका एवढं कमी करंट घेणारी वस्तू ओळखत नाहीत, मिनिटभरात बंद पडतात. ज्यांच्या घरी म्हातारी माणसं आहेत त्यांनी हे बघूनच घ्या.

घरी पडून राहणार असेल तर अर्धी भरून ठेवा. पूर्ण रिकामी करून कपाटात ठेवलेली आमची पहिली बँक परत उठलीच नाही.

धागा सुरू करणारी, धुळे

सगळ्यांचं वाचलं, दोन-तीनदा. काल घेतली. १०००० ची, टाइप-सी, १८ वॉट, अकराशे रुपये. मागे बारीक अक्षरात ६२०० लिहिलेलं सापडलं. क्रमांक दुकानातच तपासला, शेजारच्या किराणावाल्याच्या काट्यावर २१८ ग्रॅम भरली. चार्जर आणि दोन वायरी वेगळ्या घेतल्या.

आईला दाखवलं. चार दिवे म्हणजे भरलेली, एक उरला की मुक्कामाला लावायची, उन्हात बाहेर काढायची नाही, डोंगरात फोन विमान मोडवर. तिने दोनदा स्वतः वायर लावून बघितली. मंडळातल्या चौघींचे नंबर तिने वहीच्या पानावर लिहून घेतले आणि ते पान बँकेच्या पिशवीतच घातलं.

“गडवर पोचनू का लगेच फोन करसू,” म्हणाली.