मदत हवी आहे: डी.एल.एड. झाल्यावर विशेष शिक्षणाची पदविका करावी, की थेट विशेष बी.एड.? (सातारा जिल्हा)

सप्रेम नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यातील कोरेगाव तालुक्यात राहते. बारावीनंतर दोन वर्षांची डी.एल.एड. ही प्राथमिक शिक्षकाची पदविका पूर्ण केली (आमच्या घरी अजूनही तिला डी.एड.च म्हणतात), पुढे बहिःस्थ विद्यार्थिनी म्हणून बी.ए. केले आणि शिक्षक पात्रता परीक्षेचा पहिला पेपर १५० पैकी ९४ गुण मिळवून उत्तीर्ण झाले. सध्या एका खाजगी प्राथमिक शाळेत मानधनावर दुसरीचा वर्ग सांभाळते. पवित्र पोर्टल या शासनाच्या संकेतस्थळावरील शिक्षक भरतीसाठी अभियोग्यता चाचणी पुन्हा देणारच आहे, त्याविषयी विचारायचे नाही. अडचण वेगळी आहे आणि ती यंदा जूनमध्ये माझ्या वर्गात आली.

वर्गात श्रवणयंत्र वापरणारा एक मुलगा आहे. त्या यंत्रातून सतत बारीक शिट्टी वाजत असे, शेजारची मुले हसत, आणि मीच त्याला 'जरा वेळ काढून ठेव बाळा' असे सांगत असे. महिन्याभराने गटसाधन केंद्राकडून (तालुक्यातील शाळांना मदत करणारे शासकीय केंद्र) फेरीवर येणाऱ्या विशेष शिक्षिकांनी यंत्राचा कानात बसणारा मोल्ड बोटाने हलवून दाखवला. मूल वाढते तसा कानही वाढतो, मोल्ड सैल पडतो, आवाज फटीतून बाहेर येऊन पुन्हा यंत्रात शिरतो आणि शिट्टी वाजते, एवढेच त्या म्हणाल्या आणि पुढच्या शाळेत गेल्या. दोष मोल्डचा होता, आणि महिनाभर त्या पोराचे ऐकणे मी बंद करून ठेवले होते. डी.एल.एड.ला असताना २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील २१ प्रकार मी पाठ केले होते, ते परीक्षेत बिनचूक लिहिलेही होते. श्रवणयंत्र मात्र तोवर कधी हातात धरले नव्हते.

म्हणून विशेष शिक्षणाचे, म्हणजे दिव्यांग मुलांना शिकवण्याचे, रीतसर प्रशिक्षण घ्यायचे ठरवले आहे. आतापर्यंत मला समजले ते असे : सर्वसाधारण शिक्षकाची अर्हता राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद ठरवते, तर विशेष शिक्षकाची अर्हता आणि नोंदणी १९९२ च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. विशेष शिक्षणाची पदविका बारावीनंतर दोन वर्षांची असून श्रवणदोष, दृष्टिदोष, बौद्धिक अक्षमता अशा तिच्या वेगवेगळ्या शाखा आहेत. मी पदवीधर असल्याने विशेष बी.एड.चाही रस्ता मोकळा आहे, आणि 'एक डी.एड. पदरात असताना दुसरी कशाला?' हे घरच्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे आहे असे मला म्हणता येत नाही. पण ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पहिली ते पाचवीसाठी बी.एड. ही अर्हता पुरेशी नाही असा निकाल दिला, आणि मला तर याच वयाची मुले शिकवायची आहेत. तेव्हा पुन्हा दोन वर्षे पदविकेत घालवणे शहाणपणाचे ठरेल का? दुसरे असे की, साध्या शाळेत नाना तऱ्हेची मुले येत असताना एकच शाखा कोणत्या आधारावर निवडावी? पूर्णवेळ अभ्यासक्रम घेतला तर हातातले मानधन सुटेल, त्यामुळे प्रवेश घेण्यापूर्वी कोणती कागदपत्रे तपासावीत, हेही ज्यांनी हे शिक्षण घेतले आहे त्यांनी सांगावे, ही विनंती.

*

प्रतिसाद (सांगलीहून)

ताई, नमस्कार. मी श्रवणदोष शाखेची पदविका केली असून सांगली जिल्ह्यात याच कामात आहे.

पहिली ते पाचवी हे तुमचे पक्के असेल, तर पदविकाच करावी असे माझे मत आहे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २३ ऑगस्ट २०१० च्या अधिसूचनेत या वर्गांसाठी विशेष शिक्षणाची पदविका ग्राह्य धरली आहे. मात्र तेवढीच पदविका असणाऱ्याला नियुक्तीनंतर प्राथमिक शिक्षणाचा सहा महिन्यांचा विशेष कार्यक्रम पूर्ण करावा लागतो. माझ्यासारख्यांची इथे ओढाताण होते. तुमच्याकडे डी.एल.एड. आधीच आहे, त्यामुळे सर्वसाधारण वर्गासाठीची तुमची पात्रता स्वतंत्रपणे उभी आहे. घरच्यांना हेच सांगा. विशेष बी.एड. वाईट नाही, पण त्याचा खरा उपयोग वरच्या वर्गांसाठी आहे.

शाखा निवडताना एका मुलाकडे पाहून निवडू नका. कोणत्या शाखेची विशेष शाळा रोज एस.टी.ने जाऊन येण्याच्या अंतरावर आहे ते पाहा, कारण या अभ्यासक्रमात निम्मे शिकणे सरावपाठात होते. शुल्क भरण्यापूर्वी त्या संस्थेला, त्याच शाखेसाठी, त्याच वर्षीच्या तुकडीची पुनर्वास परिषदेची मान्यता आहे का, हे परिषदेच्या यादीत स्वतः पाहा. मान्यता ठरावीक मुदतीची असते आणि दारावरचा जुना फलक कोणी उतरवत नाही. उत्तीर्ण झाल्यावर परिषदेकडे नोंदणी करून क्रमांक घ्यावा लागतो, आणि पुढे प्रशिक्षणांचे गुण जमवून नोंदणीचे नूतनीकरणही करावे लागते. पदांबद्दल म्हणाल तर, २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक स्तरावर दहा विशेष विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण घालून दिले. तरी त्या भरवशावर कर्ज काढू नका.

त्या मुलासाठी पदविकेची वाट पाहण्याची गरज नाही. नवा मोल्ड बसला की रोज सकाळी हजेरीआधी त्याच्या पाठीमागे उभे राहा आणि नेहमीच्या आवाजात आ, ई, ऊ, म्, स्, श् हे सहा ध्वनी क्रम बदलून एकेक म्हणा. ऐकू आला की त्याने चिंचोका डबीत टाकायचा. काल टाकलेला चिंचोका आज पडला नाही, तर आधी बॅटरी बदलून पाहा. आठवडाभर करा आणि कोणता ध्वनी सुटतो ते इथे लिहा, म्हणजे पुढे काय करायचे ते सांगता येईल.