समलिंगी विवाहाची मान्यता: न्यायालयातून, कायदेमंडळातून की मतपेटीतून?

दिंडीदरवाजा
समलिंगी विवाहाला कायद्याची मान्यता मिळवण्याच्या लढ्याविषयी वाचताना एक गोष्ट सारखी खटकते, म्हणून हा धागा काढत आहे. कॅलिफोर्नियात मे २००८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा विवाहांना मान्यता दिली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात मतदारांनी सुमारे ५२ टक्के मतांनी राज्याची घटनाच दुरुस्त करून ती काढून घेतली. उलट आयर्लंडमध्ये मे २०१५ मध्ये हाच प्रश्न थेट लोकांपुढे ठेवला गेला आणि ६२ टक्के मतदारांनी होकार दिला. यावरून न्यायालयातून मिळालेला हक्क कच्चा आणि मतपेटीतून मिळालेला पक्का, असे म्हणावे का? की मी सोयीची दोनच उदाहरणे उचलली आहेत? असे विवाह असावेत की नसावेत हा वाद कृपया इथे नको. मला विचारायचे आहे ते मार्गाबद्दल.

जुनी फाईल
उदाहरणे सोयीची आहेत खरी, पण प्रश्न विचार करण्याजोगा आहे. कॅलिफोर्नियाच्या जोडीला मॅसॅच्युसेट्स ठेवून पाहा. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००३ मध्ये असाच निकाल दिला, १७ मे २००४ पासून लग्ने होऊ लागली आणि विरोधकांनी तिथेही घटनादुरुस्तीचा घाट घातला. कॅलिफोर्नियात पुरेशा सह्या जमल्या की प्रस्ताव मतपत्रिकेवर येतो आणि साध्या बहुमताने घटना बदलते. मॅसॅच्युसेट्समध्ये मात्र नागरिकांनी आणलेल्या दुरुस्तीला मतदारांपर्यंत पोचण्याआधी दोन्ही सभागृहांच्या संयुक्त बैठकीत, तेही लागोपाठच्या दोन कार्यकाळांत, २०० पैकी किमान ५० सदस्यांचा पाठिंबा लागतो. पहिल्या खेपेला तो मिळाला. जून २००७ मध्ये दुसऱ्या खेपेला ४५ मते पडली आणि प्रस्ताव तिथेच संपला. तोवर तीन वर्षे लोटली होती, अशी जोडपी लोकांच्या शेजारी नांदत होती आणि आमदारांना जाऊन भेटत होती. कॅलिफोर्नियात जून ते नोव्हेंबर असे जेमतेम साडेचार महिने मिळाले. निकाल दोन्हीकडे सारखेच होते. कुलपे वेगळी होती.

जाता जाता: कॅलिफोर्नियात त्या साडेचार महिन्यांत झालेले सुमारे १८,००० विवाह वैधच राहतील, असे न्यायालयाने २००९ मध्ये ठरवले. त्यामुळे पुढची काही वर्षे एकाच गल्लीत एक जोडपे कायद्याने विवाहित आणि शेजारच्या जोडप्याला तीच वाट बंद, असा चमत्कारिक प्रकार चालू राहिला.

साशंक
मी या विवाहांच्या बाजूचा नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे गैरसमज नको. धागाकर्त्याचा कल मला बरोबर वाटतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २६ जून २०१५ रोजी देशभर मान्यता दिली ती पाच विरुद्ध चार अशी. म्हणजे एक न्यायाधीश वेगळा असता तर निकाल उलटा लागला असता. हा प्रश्न लोकांवर आणि त्यांच्या प्रतिनिधींवर सोडायला हवा होता, असे सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनीच आपल्या भिन्नमतात म्हटले आहे. पुढे जून २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने गर्भपाताचा जुना निकाल फिरवला, तेव्हा विवाहाच्या समर्थकांनाही धास्ती वाटली आणि त्याच वर्षी डिसेंबरात काँग्रेसकडून, म्हणजे अमेरिकी संसदेकडून, या विवाहांना संरक्षण देणारा कायदा करून घ्यावा लागला. निकाल पक्का असता तर ही धावपळ कशाला करावी लागली असती? ऑस्ट्रेलियात २०१७ मध्ये टपालाने लोकांचे मत घेतले, ६१.६ टक्के होकार आला आणि संसदेने डिसेंबरात कायदा केला. मी तिथे असतो तर नकारच दिला असता, पण हरल्यावर तक्रार करायला जागा उरली नसती.

उंबरठा
साशंक यांनी आपली बाजू उघड सांगितली, तशी मीही सांगतो: मी अशा नात्यात आहे. ऑस्ट्रेलियातले ते मतदान नव्हतेच. सांख्यिकी खात्याने केलेली, कोणावरही बंधनकारक नसलेली ती पाहणी होती. ज्या देशात निवडणुकीत मत देणे सक्तीचे आहे, तिथे हा एक प्रश्न ऐच्छिक ठेवला गेला. होकार आला म्हणून आज ते सारे सुरळीत वाटते, एवढेच.

शिवाय लोकमत तयार होईपर्यंत थांबा, हे ऐकायला रास्त असले तरी थांबायचे कोणी, हे त्यात येत नाही. २०१५ च्या निकालाला ज्यांचे नाव आहे ते जिम ओबरगफेल आणि त्यांचे जोडीदार जॉन आर्थर ओहायोत राहत आणि ओहायो असे विवाह मानत नव्हते. आर्थर यांना एएलएस हा स्नायू निकामी करणारा आजार होता. जुलै २०१३ मध्ये त्यांना वैद्यकीय सोयी असलेल्या छोट्या विमानातून मेरीलँडला नेले, विमान धावपट्टीवर उभे असताना आतच लग्न लागले आणि दोघे माघारी आले. ऑक्टोबरात आर्थर वारले. मूळ दावा होता तो मृत्यूच्या दाखल्यावर ‘विवाहित’ लिहावे आणि हयात जोडीदाराच्या रकान्यात ओबरगफेल यांचे नाव यावे, एवढ्यासाठी. लग्नानंतर त्यांच्या हाती जेमतेम तीन महिने होते. त्यांनी कोणत्या जनमताची वाट पाहायची होती?

मी स्वतः गेली अकरा वर्षे रुग्णालयाच्या संमतिपत्रावर ‘रुग्णाशी नाते’ या रकान्यात ‘मित्र’ असे लिहीत आलो आहे. मागच्या शस्त्रक्रियेच्या वेळी तो कागद हातात घेऊन परिचारिकेने, अगदी आपुलकीने, विचारले, “घरचं कोणी आलं नाही का?”

तळटीप
न्यायालय किंवा मतपेटी अशी दोनच दारे नाहीत. न्यायालयाने हक्क मान्य करायचा आणि कायदा करायला कायदेमंडळाला मुदत द्यायची, असाही मार्ग आहे. दक्षिण आफ्रिकेच्या घटनात्मक न्यायालयाने डिसेंबर २००५ मध्ये एक वर्ष दिले. कायदा लागू झाला ३० नोव्हेंबर २००६ रोजी, म्हणजे मुदत संपता संपता. तैवानमध्ये मे २०१७ मध्ये दोन वर्षांची मुदत मिळाली, पण नोव्हेंबर २०१८ च्या सार्वमतात लोकांनी नागरी संहितेतली विवाहाची व्याख्या बदलायला नकार दिला. सरकारने मग संहितेला हात न लावता वेगळा कायदा केला आणि त्याचे नाव ठेवले, न्यायिक युआनच्या अर्थनिर्णय क्रमांक ७४८ च्या अंमलबजावणीचा कायदा. (न्यायिक युआन म्हणजे तिथली सर्वोच्च न्यायसंस्था आणि हा अर्थनिर्णय म्हणजेच २०१७ चा तो निकाल.) नावात विवाह हा शब्द नाही. विवाहनोंदणीची तरतूद आतल्या कलमात आहे. मुरलेल्या सचिवाशिवाय असे नाव कोणाला सुचणार नाही! या तडजोडीची किंमतही पडलीच: जोडीदाराच्या पोटच्या अपत्याखेरीज दुसरे मूल एकत्र दत्तक घेण्याची मुभा जोडप्यांना २०२३ मध्ये मिळाली.

भारतात १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात पाचही न्यायाधीशांनी विवाह हा मूलभूत हक्क नसल्याचे सांगितले, विशेष विवाह कायदा बदलणे हे संसदेचे काम ठरवले आणि बाकीचे प्रश्न कॅबिनेट सचिवांच्या समितीकडे गेले. संसदेपुढे मात्र कोणतीही मुदत ठेवली गेली नाही.

दिंडीदरवाजा
सर्वांचे आभार. शोध घेतला तेव्हा कळले की आयर्लंडचे उदाहरण मी अर्धेच दिले होते. तिथे २०१० मध्येच नागरी भागीदारीचा, म्हणजे विवाह न म्हणता अशा नात्याची कायदेशीर नोंद करू देणारा, कायदा झाला होता. पुढे शंभर जणांची घटनाविषयक परिषद नेमली, त्यांतले ६६ सामान्य नागरिक होते, आणि एप्रिल २०१३ मध्ये परिषदेच्या ७९ टक्के सदस्यांनी विवाहाच्या बाजूने कौल दिला. मतपेटी आली ती त्यानंतर दोन वर्षांनी.

साशंक
माझ्या मताला सोयीचे नाही, तरीही नोंदवतो. स्लोव्हेनियाच्या संसदेने २०१५ मध्ये केलेला कायदा मतदारांनी त्याच डिसेंबरात सार्वमत घेऊन फेटाळला आणि जुलै २०२२ मध्ये घटनात्मक न्यायालयाने विवाहावरची बंदीच घटनाबाह्य ठरवली. म्हणजे मतपेटीचा कौलही सात वर्षे टिकला नाही. हे मला आजही पटत नाही, पण घडले ते असे.