कण्याला करंट देऊन माणूस चालतो? मग कलमं विकावीत की नाही?

सड्यावरचा, देवगड
गेल्या हंगामात आंबे काढताना धाकटा भाऊ फांदीवरून पडला. कमरेखाली हालचाल नाही. शहरातलं एक सेंटर म्हणतं, करंट देऊन चालवतो. रक्कम एवढी सांगितली की बाबा वीस कलमं विकायला निघालेत. माझं मत, विकावीत. 2009 साली अमेरिकेत लुईव्हिलला, छातीखाली लुळा पडलेल्या रॉब समर्सच्या मज्जारज्जूच्या आवरणावर 16 इलेक्ट्रोडची पट्टी बसवली आणि तो उभा राहिला. मग आमच्या पोराने काय घोडं मारलंय?

खाजणवाली
मी फिजिओ आहे. उभा राहिला, पण काही मिनिटं, करंट चालू असताना, तोलाला आधार घेऊन. पायांची संवेदना थोडी शिल्लक होती. आणि त्याआधी 26 महिन्यांत 170 वेळा चालण्याचा सराव. तुमचं सेंटर बहुधा पॅड चिकटवून स्नायूंना झटके देतं. स्नायू वाळू नयेत म्हणून ते ठीक, पण त्यावर कलमं विकू नका. पडून पडून पाठीला जखम झाली आहे का?

सड्यावरचा
आहे, माकडहाडावर. दर दोन तासांनी कूस बदलायची, पण रात्री आईचाही डोळा लागतो. आणि ताई, त्या 170 वेळांनी काहीच झालं नव्हतं ना? करंट लागला तेव्हाच झालं!

मांगरवाला
मुद्दा बरोबर आहे त्याचा. करंट पाय हलवत नाही, मज्जारज्जूचा दुखापतीखालचा झोपलेला भाग जागा करतो. पंपात आधी पाणी ओततो तसा. ताई, कातडीवरूनही मज्जारज्जूला करंट देतात. 2024 च्या अभ्यासात मानेची दुखापत असलेले 60 जण होते. 2 महिने नुसता व्यायाम, मग 2 महिने करंटसह. 43 जणांच्या हातांत ताकदही आली, कामंही जमू लागली. पण ते हातांचं. मी माडावरून पडून 11 वर्षं खुर्चीत आहे. खरां सांगतंय, चालणं राहू दे, लघवीवर ताबा आला तरी पुरे.

खाजणवाली
त्या अभ्यासाबद्दल मान्य. पण संशोधन असेल तर रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. आणि उपचार असेल तर लेखी मागा: यंत्र कुठलं, बंद केल्यावर काय उरतं. जखम मात्र याच आठवड्यात सर्जनला दाखवा.

सड्यावरचा
दाखवतो. पण तो दिवसभर तेच व्हिडिओ बघतो. त्याला काय सांगू?

मांगरवाला
माझा नंबर दे त्याला. दारात पायऱ्या किती?

सड्यावरचा
तीन. गोठ्याचे उरलेले चिरे आहेत, उतार होईल. कलमांचं बाबांशी भांडण अजून बाकी आहे.